आपल्यासाठी खरंच फोन फिरवणारा बुकिंग एजंट कसा शोधायचा

गाण्या-वाजवण्यावर पोट असलेल्या माणसाचा अर्धा दिवस फोनवरच जातो. आयोजकाला मेसेज करा, उत्तर नाही आलं की चार दिवसांनी परत करा, तारीख जमली की मानधनावरून घासाघीस, मानधन ठरलं की अ‍ॅडव्हान्ससाठी मागे लागा, आणि या सगळ्यात रियाज कधी करायचा हा प्रश्न तसाच राहतो. मग वाटतंच की एखादा एजंट मिळाला तर बरं होईल. वाटणं अगदी बरोबर आहे, पण एजंटच्या वेबसाइटवर आपला फोटो लागला म्हणजे काम झालं असं नसतं, फोटो लागून वर्ष झालं आणि शो एकही नाही असे भरपूर कलाकार आहेत. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, एजन्सी किती मोठी आहे ते नंतर बघा, आधी हे बघा की तिथला कोणता माणूस तुमच्यासाठी फोन फिरवणार आहे आणि किती वेळा.

सुरुवातीलाच एक क्लिअर करून घेऊ, कारण यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. बुकिंग एजंट म्हणजे शो लावणारा माणूस. तारखा शोधणं, मानधन ठरवणं, करार करून घेणं, अ‍ॅडव्हान्स वसूल करणं, आणि चार शहरं एका रेषेत येतील असा दौरा बसवणं हे त्याचं काम. मॅनेजर वेगळा, तो तुमचं एकूण करिअर बघतो, गाणी कधी रिलीज करायची, कोणाबरोबर काम करायचं, कशाला नाही म्हणायचं. प्रमोटर किंवा आयोजक तिसरा, तो स्वतःचे पैसे लावून हॉल घेतो, तिकिटं विकतो आणि नफा-तोटा त्याचा असतो. छोट्या लेव्हलला एकच माणूस यातली दोन-दोन कामं करतो, तेही चालतं, फक्त कोणत्या कामाचे किती टक्के हे वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर एजंट म्हणून १५ आणि मॅनेजर म्हणून वर २० असे एकाच शोवर ३५ टक्के कापले जातात.

तुम्हाला आत्ता एजंट लागतोय का

एजंट कमिशनवर जगतो, साधारण मानधनाच्या १० ते २० टक्के, बहुतेक ठिकाणी १० किंवा १५. आता त्याच्या बाजूने बघा. तुमचं मानधन शंभर असेल तर त्याला पंधरा मिळणार, आणि त्या पंधरासाठी त्याने पाच जणांना ईमेल करायचे, तिघांना फोन करायचे, करार पाठवायचा, अ‍ॅडव्हान्सची आठवण करायची. मानधन अगदीच थोडं असेल तर त्याला ते परवडत नाही, तुमचं संगीत कितीही सुंदर असलं तरी. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाहीये, त्याचाही संसार यावरच चालतो.

मग वेळ कधी झाली हे कसं ओळखायचं? आयोजक स्वतःहून परत बोलवायला लागले, दोन ठिकाणच्या तारखा एकमेकांवर यायला लागल्या, ओळखीतलं कोणीही नसलेल्या शहरात तिकीट काढून लोक आले, आणि आलेल्या चौकश्यांना उत्तर द्यायला वेळ पुरत नाहीये, असं व्हायला लागलं की समजा वेळ झाली. चौकश्याच येत नसतील तर एजंट त्या जादूने आणू शकत नाही, तो असलेली मागणी वाढवतो, नसलेली तयार करणं फार थोड्यांना जमतं. तोपर्यंत स्वतःच बुकिंग करा, आणि मनापासून सांगतो, तो काळ वाया जात नाही, कारण आयोजक काय विचारतो, कुठे अडतो, पैसे कधी देतो हे तुम्हाला स्वतःला माहीत असेल तरच पुढे एजंट चांगलं काम करतोय की नाही ते कळणार.

या काळात एक शीट बनवा आणि प्रत्येक शोनंतर त्याच रात्री भरा. तारीख, जागा, हॉलमध्ये किती माणसं मावतात, किती तिकिटं गेली, तिकिटाचा दर, मानधन, मर्चंडाइज (टी-शर्ट, सीडी वगैरे) किती विकलं, आयोजकाचं नाव, परत बोलावलं का. "पब्लिक जबरदस्त होतं" याचा एजंटला काही उपयोग नाही. "१५० च्या हॉलमध्ये १३० तिकिटं, सहा महिन्यांपूर्वी त्याच हॉलमध्ये ७०" हे वाचलं की तो खुर्चीत सरळ बसतो, कारण हेच वाक्य तो पुढच्या आयोजकाला जसंच्या तसं सांगू शकतो. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये आणि यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ऐकणारे कुठले आहेत तेही दिसतं, ते महिन्याला एकदा बघून शीटमध्ये टाका. पण ऐकणारे म्हणजे तिकीट काढणारे नव्हेत, दोन्ही आकडे वेगवेगळेच दाखवा.

शोधायचं कुठे

लोक इथेच चुकतात, सर्चमध्ये टॉप एजन्सी टाकतात आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या एजन्सीच्या इन्फो वाल्या पत्त्यावर ईमेल पाठवतात. त्यापेक्षा तुमच्याच प्रकारचं संगीत करणारे, पण तुमच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वर असलेले दहा-पंधरा कलाकार निवडा. तुम्ही शंभरच्या हॉलमध्ये वाजवत असाल तर तीनशेच्या हॉलवाले, स्टेडियमवाले नकोत. फेस्टिव्हलच्या पोस्टरवर वरची मोठी नावं सोडा आणि खालच्या बारीक अक्षरातली वाचा, तिथे तुमचे लोक सापडतील. मग त्यांच्या वेबसाइटवर संपर्काच्या पानावर जा, बुकिंगसाठी बऱ्याचदा वेगळं नाव आणि ईमेल दिलेला असतो, तोच त्यांचा एजंट. बँड्सइनटाउन किंवा साँगकिक या शोच्या तारखा दाखवणाऱ्या साइटवर त्या कलाकाराच्या तारखा बघा. शहरं एका ओळीत आहेत का, की आज इथे आणि उद्या हजार किलोमीटरवर, परत परवा पहिल्याच शहराशेजारी? तारखा बघूनच एजंटचं काम कसं आहे ते बरंचसं कळतं.

पण माझ्या मते सगळ्यात चांगली माहिती मिळते ती हॉल आणि क्लबमध्ये प्रोग्राम लावणाऱ्या माणसाकडून, आणि त्याला विचारायचं कोणाच्या लक्षातच येत नाही. दिवसभर एजंटांचे फोन त्यालाच येतात. कोण वेळेवर माहिती पाठवतो, कोण शब्द देऊन फिरवतो, कोणाचा ईमेल तो आधी उघडतो हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. शो झाला, हिशेब मिटला, सामान गाडीत गेलं की शांतपणे विचारा, "आमच्यासारख्यांसाठी तुम्हाला कोणत्या एजंटशी काम करायला आवडेल?" बस, एवढंच. त्याने दोन नावं दिली आणि वर म्हणाला की माझं नाव सांगा, तर तुमचा ईमेल शंभरातून उचलून वर ठेवल्यासारखा होतो. तो एक क्षण थांबून विषय बदलत असेल तर त्यातूनही काय ते समजा, त्याच्याकडे आपला शो खरंच चांगला झाला का याचा विचार करा.

तिसरी जागा म्हणजे शोकेस फेस्टिव्हल, म्हणजे जिथे कलाकार मुख्यतः एजंट आणि आयोजकांसमोर वाजवतात. वोमेक्स १९९४ मध्ये सुरू झालं, तिथे जगभरच्या लोकसंगीत आणि पारंपरिक संगीतवाल्यांचे एजंट, आयोजक येतात. अमेरिकेत ऑस्टिनचं साउथ बाय साउथवेस्ट १९८७ पासून आहे, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचं युरोसोनिक जानेवारीत असतं, इंग्लंडमधल्या ब्रायटनचं ग्रेट एस्केप मे महिन्यात. अशा ठिकाणी वीस-तीस मिनिटांचा सेट मिळतो आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून होतो, त्यामुळे नुसतं निवड झाली म्हणून धावत जाऊ नका. कोणते एजंट येणार आहेत ते आधी शोधा, तीन-चार आठवडे आधी प्रत्येकाला नावाने आमंत्रण पाठवा, वेळ आणि स्टेज लिहून. तुम्ही कितीही चांगलं वाजवा, एजंटला माहितीच नसेल तर तो त्या वेळी दुसऱ्या स्टेजसमोर उभा असणार.

पहिला ईमेल

छोटा ठेवा. एजंट तो मोबाइलवर वाचणार, दोन फोनच्या मध्ये. लहानपणापासून संगीताची आवड वगैरे नको, पुरस्कारांची यादी नको, वीस एमबीची अटॅचमेंट तर अजिबात नको. साधारण असा:

"नमस्कार, तुम्ही अमुक बँडचे शो लावता, त्यांच्या आधी आम्ही दोनदा वाजवलंय. आम्ही चौघं आहोत, स्वतःची गाणी करतो. गेल्या वर्षात सहा शहरांत २८ शो, घरच्या शहरात १५० च्या हॉलमध्ये १३० तिकिटं, बाकी ठिकाणी सरासरी ६०. आत्तापर्यंत सगळं आम्हीच बुक केलंय. तुमच्या शहरात १४ तारखेला रात्री ८ वाजता आमचा शो आहे, तुमचं नाव गेस्ट लिस्टवर ठेवलंय. लाइव्ह व्हिडिओची लिंक खाली आहे, तीन मिनिटांचा."

यात बघा, त्यालाच का लिहिलं ते आहे, आकडे आहेत, आणि त्याने पुढे काय करायचं तेही आहे. व्हिडिओ एका दमात शूट केलेला हवा, लाइव्ह आवाज, आणि फ्रेममध्ये प्रेक्षक दिसले पाहिजेत. म्युझिक व्हिडिओ पाठवू नका, त्याला शो विकायचाय, आणि शोमध्ये तुम्ही कसे दिसता आणि वाजता हेच त्याला बघायचं असतं.

उत्तर नाही आलं तर दहा-पंधरा दिवसांनी एकदा लिहा, पण काहीतरी नवीन घेऊन लिहा, नवीन तारीख लागली, एखादा शो सोल्ड आउट झाला. "माझा ईमेल बघितला का" एवढंच लिहू नका. तरी उत्तर नाही तर सोडा आणि तीन-चार महिन्यांनी आकडे बदलले की परत.

भेट झाली की काय विचारायचं

समजा कोणी इंटरेस्ट दाखवला. इथे हुरळून जायचं नाही, कारण निवड दोन्ही बाजूंनी असते. पहिला प्रश्न, तुमच्याकडे किती कलाकार आहेत आणि त्यांच्यासाठी फोन करणारी माणसं किती. एक माणूस आणि साठ कलाकार असतील तर तुमच्या वाट्याला काय येणार याचा हिशेब तुम्हीच करा. मोठ्या एजन्सीत ज्याच्याशी बोलणं झालं तोच तुमचं काम बघणार की नुकताच लागलेला असिस्टंट, हेही विचारा. असिस्टंट असला तरी वाईट नाही हं, उलट नवीन माणसाला स्वतःचं नाव करायचं असतं, तो तुमच्यासाठी जास्त धावेल. फक्त कोण ते आधी कळू द्या.

दुसरा प्रश्न, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, "पहिल्या सहा महिन्यांत आम्हाला कुठे लावाल?" इथे नावं आली पाहिजेत. चांगला एजंट म्हणेल की या शहरात अमुक हॉल, कारण तिथला माणूस तुमच्या प्रकारचं संगीत लावतो, त्या मोठ्या हॉलमध्ये आत्ता नको कारण अर्धा रिकामा दिसेल आणि तो आयोजक परत बोलावणार नाही, आणि फेस्टिव्हलचं पुढच्या वर्षीचं बघू कारण ते सहा महिने ते वर्षभर आधीच लाइनअप ठरवतात. असं बोलणारा माणूस तुमच्याबद्दल विचार करून आलाय. "आमचे सगळीकडे कॉन्टॅक्ट्स आहेत, तुम्ही काळजी करू नका" एवढंच म्हणणाऱ्याकडे बहुतेक प्लॅन नसतो.

तो तुम्हाला काय विचारतो तेही बघा. प्रवासाला किती माणसं, साउंड इंजिनिअर स्वतःचा आणता का, ड्रम्स नेता की तिथले वापरता, कमीत कमी किती मिळाले तर घरातून निघणं परवडतं, बँडमध्ये कोणी नोकरी करतं का म्हणजे मधल्या वारी सुट्टी मिळणार नाही. हे प्रश्न ज्याने विचारले त्याने आधी दौरे लावलेत.

मग त्याच्या यादीतल्या कलाकारांना फोन करा. सगळ्यात मोठ्या नावाला नको, त्याच्याकडे लक्ष दिलं जातंच. मधल्या आणि खालच्या दोघांना करा, आणि त्याला सोडून गेलेला एखादा मिळाला तर त्यालाही. पैसे किती दिवसांनी मिळतात, आयोजकाबरोबरचा करार बघायला मिळतो का, शो रद्द झाला तेव्हा एजंटने स्वतः फोन केला की तुम्हाला आयोजकाकडून कळलं, एवढं विचारलं तरी पुरे.

पैसे आणि कागद

कमिशन किती यापेक्षा कशावर हे जास्त महत्त्वाचं आहे. समजा मानधन १००, त्यात साउंड, प्रवास, राहणं मिळून तुमचा खर्च ६०. १५ टक्के पूर्ण मानधनावर घेतले तर त्याला १५ जातात आणि तुमच्याकडे उरतात २५. खर्च वजा करून घेतले तर ४० चे १५ टक्के म्हणजे ६, तुमच्याकडे ३४. एजंट साधारण पूर्ण मानधनावरच मागतात, ती रीतच आहे, पण साउंड-लाइटचे किंवा विमानाचे पैसे आयोजक तुमच्या हातून देत असेल तर त्या रकमेवर कमिशन नको असं म्हणायला काही हरकत नाही, बरेच जण मान्य करतात. मर्चंडाइजची विक्री, गाण्यांची रॉयल्टी, शिकवण्या यावर बुकिंग एजंटचा हक्क नसतो, कागदात आला तर काढायला लावा. आणि कमिशन पैसे हातात आल्यावर द्यायचं, शो ठरल्यावर नाही.

तिकिटांच्या शोमध्ये गॅरंटी (म्हणजे काही झालं तरी मिळणारी ठरलेली रक्कम) किंवा टक्के, जे जास्त असेल ते, असा एक प्रकार असतो, तो नीट समजून घ्या. गॅरंटी १०० आणि खर्च काढून उरलेल्याच्या ७० टक्के असं ठरलं, तिकिटांचे ४०० आले, हॉलचा खर्च २००, उरले २००, त्याचे ७० टक्के १४०. म्हणजे तुम्हाला १४० मिळायला पाहिजेत, १०० नाही. त्या रात्री हिशेबाच्या कागदावर हॉलचा खर्च २०० च्या जागी २६० लिहिला असेल तर तुमचे १४० चे ९८ होतात आणि मग गॅरंटीचे १०० हातावर ठेवले जातात. म्हणून कोणते खर्च धरायचे हे आधीच करारात लिहून घेणारा एजंट हवा.

आयोजकाबरोबरच्या प्रत्येक कराराची कॉपी तुम्हाला मिळालीच पाहिजे, यात तडजोड नको. काही एजंट आयोजकाकडून एक रक्कम घेतात आणि कलाकाराला कमी सांगून मधले ठेवतात, वर कमिशनही घेतात. कॉपी दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी बोलणंच थांबवा. अ‍ॅडव्हान्स साधारण निम्मा घेतला जातो, तो कोणाच्या खात्यात राहतो तेही विचारा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एजंटला कलाकाराचे पैसे वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवून ३० दिवसांत द्यावे लागतात. तुमच्याकडे असा कायदा असो-नसो, वेगळं खातं आणि ठरलेली मुदत या दोन गोष्टी तुम्ही तुमच्या करारात लिहून घेऊ शकता.

एजंटबरोबरच्या करारात बाकी काय बघायचं? तो एक्सक्लुझिव्ह असेल, म्हणजे शो फक्त त्याच्यामार्फतच घ्यायचे असतील, तर कोणत्या देशासाठी, कोणत्या भागासाठी, आणि किती काळ. पहिल्यांदा एक वर्ष पुरे, किंवा एकच दौरा ट्रायल म्हणून करा. जे आयोजक तुमचे स्वतःचे जुने आहेत त्यांची नावं लिहून यादी जोडा आणि त्यांच्या शोवर कमिशन नाही किंवा कमी असं ठरवा. तुम्हाला विचारल्याशिवाय कुठलीही तारीख कन्फर्म होणार नाही हे वाक्य हवंच. तुमचा माणूस ती एजन्सी सोडून गेला तर तुम्हालाही निघता येईल असं कलम मागा, कारण तुम्ही त्या माणसासाठी आलेले असता. फेस्टिव्हल कधीकधी अट घालतात की आजूबाजूच्या इतक्या अंतरात इतके दिवस दुसरा शो करायचा नाही, अशी अट मान्य करण्याआधी एजंटने तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर एका फेस्टिव्हलपायी तीन शो जातात. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा, संगीताच्या धंद्यातला कोणी मिळाला तर उत्तमच. त्याची फी जास्त वाटते पण एका शोमध्ये निघते.

आणि हे दिसलं की सरळ निघून या: नाव नोंदवायला आधी पैसे मागणं, वर्षाला पन्नास शोची गॅरंटी देणं, तुमच्याच शोची तिकिटं तुम्हालाच विकत घ्यायला लावणं, आजच सही करा नाहीतर जागा जाईल असं म्हणणं. खरा एजंट तुमच्या कमाईतून कमावतो, तुमच्या खिशातून नाही.

सही झाल्यावर

आता तुमचीही जबाबदारी सुरू होते. कॅलेंडर अपडेटेड ठेवा, एजंटने तारीख विचारली की त्याच दिवशी उत्तर द्या, कारण आयोजकाने तारीख होल्डवर, म्हणजे तुमच्यासाठी तात्पुरती राखून ठेवलेली असते आणि त्याच तारखेसाठी त्याच्याकडे दुसरा कलाकारही रांगेत असतो, तुम्ही दोन दिवस लावले की ती तारीख गेली. थेट आलेल्या चौकश्या त्याच्याकडे पाठवा, मागच्या दाराने स्वस्तात शो करू नका, एका शोसाठी त्याने ठरवलेला सगळा भाव पडतो. प्रत्येक शोनंतर शीटमधले आकडे त्याला पाठवत राहा, नवीन व्हिडिओ पाठवा.

महिन्यातून एकदा अर्धा तास बोला आणि यादी मागा, कोणाला विचारलं, कुठे होल्ड आहे, कोणी नाही म्हटलं आणि का. पहिल्या सहा महिन्यांत शो किती झाले यावरून घाईने ठरवू नका, लागलेल्या तारखा दिसायला वेळ जातो, पण यादीत काहीच नसेल, दरवेळी "बोलणं चालू आहे" एवढंच असेल, तर मात्र स्पष्ट विचारा. आणि पुढच्या महिन्यातही तेच उत्तर आलं तर करारात असेल तितक्या दिवसांची लेखी नोटीस द्या, त्याबरोबर तीन गोष्टी लेखी मागा: कन्फर्म झालेल्या तारखा आणि त्यांचं मानधन, कोणाकोणाचा अ‍ॅडव्हान्स त्याच्याकडे आहे, आणि ज्या आयोजकांशी बोलणं अर्धवट आहे त्यांची नावं. आधीच लागलेल्या शोंचं कमिशन त्याचंच, ते वेळेवर द्या. त्यानंतर किती महिने आणि कोणत्या जागांवर त्याचा हक्क राहतो ते करारातल्या कलमाप्रमाणे मोजा, आणि नवीन एजंटला ती यादी पहिल्याच भेटीत दाखवा, म्हणजे एकाच शोवर दोघांनी कमिशन मागायची वेळ येणार नाही.